लिनक्सचे खोके आणि मराठीची जागा

शब्दांच्या अर्थांतराचे प्रकार शिकवताना अर्थसंकोचासाठी 'मृग' आणि अर्थापकर्षासाठी 'असुर' ही उदाहरणे आम्ही मराठीचे अध्यापक वर्षानुवर्षे देत आलो आहोत. त्यांच्या जोडीला आता 'लिनक्स' हे एक ताजे उदाहरण ठेवायला हरकत नाही. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतलेल्या आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी वाढवलेल्या संगणकप्रणालीचे हे नाव. तिची संहिता कोणीही वाचावी, हवी तशी बदलावी आणि बदललेली प्रत दुसऱ्याला द्यावी, ही मुभा तिच्या परवान्यातच आहे. परंतु आमच्या कोल्हापुरात, शाहूपुरीत काय किंवा राजारामपुरीत काय, संगणकाच्या दुकानात 'लिनक्सवाला लॅपटॉप' या शब्दप्रयोगाचा अर्थ वर्षानुवर्षे निराळाच होत आला: विंडोजचे पैसे वजा करून मिळणारे यंत्र. 'हे लिनक्सवालं आहे, स्वस्त पडेल, विंडोज नंतर टाकून घ्या' हे वाक्य ज्याने ऐकलेले नाही असा गिऱ्हाईक विरळा. एका मुक्त प्रणालीचे नाव बाजारात 'रिकामे खोके' या अर्थाने रूढ झाले. अर्थापकर्ष म्हणतात तो हाच.

या अपकर्षाचे खापर एकट्या दुकानदारावर फोडता येणार नाही, असे आमचे मत आहे. संगणक तयार करणाऱ्या कंपन्यांनी लिनक्स बसवलेली यंत्रे आपल्याकडे एकदा नव्हे, अनेकदा विकली. पण स्वस्त यंत्रे म्हणून विकली. मराठीत काम करण्यासाठी सज्ज असलेली यंत्रे म्हणून ती कोणी बाजारात मांडली नाहीत, आणि ज्यांचा चरितार्थ मराठीवर चालतो त्या विद्यापीठीय जगातून तशी मागणीही झाली नाही. हा प्रश्न आज पुन्हा उकरून काढण्याला एक तातडीचे कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला दिला जाणारा आधार थांबवला. वैयक्तिक ग्राहकांना आणखी वर्षभर सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय देऊ केली, एवढाच काय तो दिलासा. विंडोज ११ साठी यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. महाविद्यालयांच्या संगणककक्षांत त्याआधीची यंत्रे सर्रास आढळतात. म्हणजे येत्या काळात बरेच जुने संगणक बाद ठरतील आणि नवे घेतले जातील. त्या नव्या यंत्रांत काय भरलेले असावे, हे ठरवण्याची संधी अनायासे समोर आली आहे.

संगणकाच्या पोटात काय भरले आहे याच्याशी साहित्याच्या माणसांचा काय संबंध, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आपल्याच व्यवहारात सापडते. एखाद्या कवीची कोणती कविता पिढीच्या पिढीला पाठ असते? बहुतेक वेळा क्रमिक पुस्तकात घेतलेली. त्या कवीचे संग्रह ग्रंथालयात असतात, कोणी मनाई केलेली नसते. तरीही पुस्तकात जी छापली गेली तीच 'त्याची कविता' ठरते. यंत्रासोबत आयती आलेली प्रणाली नेमके हेच काम करते. ती बदलण्याची मोकळीक सर्वांना असते, आणि बदलतो शंभरातला एखादा. विकत घेतलेल्या यंत्राबरोबर जी लिपी, जो कळफलक, जो फाँट आणि जी शब्दसंग्रहाची चौकट येते तीच सवय होऊन बसते. म्हणून यंत्रात आधीच काय बसवले आहे, हा प्रश्न आमच्या दृष्टीने पाठ्यपुस्तक मंडळाच्या निवडीइतकाच वाङ्मयीन आहे.

या निवडीचा आपल्याकडचा इतिहास फार जुना नाही. २००५ साली एचसीएल कंपनीने ९,९९० रुपयांत लिनक्स बसवलेला संगणक आणला. त्याच सुमारास कोलकात्याच्या झेनिटिस कंपनीने दहा हजारांच्या आतले आपले यंत्र 'आमार पीसी' या नावाने विकायला काढले. निदान नाव तरी बंगालीत होते. २००७ च्या मे महिन्यात डेल कंपनीने अमेरिकेत उबंटू बसवलेली यंत्रे विकायला आरंभ केला. त्याला निमित्त झाले ते ग्राहकांनीच. कंपनीने त्याच वर्षी फेब्रुवारीत सूचना मागवल्या, तेव्हा लिनक्सची मागणी अग्रभागी आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात असूसचा सात इंची 'ई पीसी' लिनक्ससह आला, पाठोपाठ एसरचे छोटे यंत्रही तसेच आले, आणि 'नेटबुक' या नव्या जातीचा जन्म झाला. २००८ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने अशा अल्पमोली यंत्रांसाठी जुन्या विंडोज एक्सपीची मुदत वाढवली आणि नेटबुकवरची लिनक्सची जागा हळूहळू विंडोजने घेतली. तरी भारतात हा प्रवाह थांबला नाही. २०१२ साली डेल आणि कॅनॉनिकल यांनी उबंटू असलेली यंत्रे भारतातल्या ८५० दुकानांपर्यंत नेण्याची घोषणा केली. लिनक्स दुकानात मिळत नव्हता, ही तक्रार तेव्हा या काळाविषयी तरी करता येत नाही.

मिळत होता, तरी तो टिकला का नाही? याचे पहिले कारण उघड आहे. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स या उत्पादकांच्याच संघटनेने २०११ सालासाठी केलेल्या अंदाजानुसार भारतातल्या ६३ टक्के सॉफ्टवेअरचा वापर विनापरवाना होता. अंदाज करणाऱ्यांचे हितसंबंध लक्षात घेऊन हा आकडा थोडा कमी धरला, तरी चित्र बदलत नाही. विंडोज 'फुकट' मिळत असताना फुकट मिळणाऱ्या लिनक्सचे अप्रूप कोणाला? लिनक्सचा एकमेव गुण म्हणून किंमतच पुढे केली होती, आणि किमतीच्या शर्यतीत चोरीचा माल नेहमीच पुढे राहतो. दुसरे कारण शिक्षणातले. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने महाराष्ट्रात संगणक-साक्षरतेचे फार मोठे काम केले. शासकीय नोकरीसाठीही ती पात्रता मागितली जाऊ लागली. या अभ्यासक्रमातला रोजचा सराव मात्र प्रामुख्याने विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर होता. परिणामी गावोगावच्या लाखो मुलामुलींच्या मनात 'संगणक येणे' आणि 'विंडोज येणे' यांत भेद उरला नाही. दुकानातला मुलगा, प्रिंटर दुरुस्त करणारा, महाविद्यालयाचा लिपिक, सारे याच शाळेतून बाहेर पडलेले. त्यांच्या हाती आलेले लिनक्सचे यंत्र परके वाटले तर त्यात नवल नाही.

तिसरे कारण आमच्या क्षेत्राच्या अधिक जवळचे आहे, आणि आमच्या लेखी तेच सर्वांत महत्त्वाचे. किंमत वगळता लिनक्सपाशी एक गुण असा होता की जो चोरीच्या विंडोजलाही देता येत नव्हता. तो म्हणजे यंत्र आपल्या भाषेप्रमाणे वळवून घेण्याचा अधिकार. त्या काळी विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसावी यासाठी मूळ सीडी घालून संयुक्त लिप्यांची सोय वेगळी बसवावी लागे. ज्याच्याकडे सीडी नाही त्याच्या पडद्यावर वेलांट्या चुकीच्या बाजूला लटकत. अशा वेळी 'पेटी उघडा, मराठीत लिहायला लागा' असे सांगणारे यंत्र कोणी विकले असते, तर ते मराठी शाळा-महाविद्यालयांना नक्कीच वेगळे वाटले असते. पण लिनक्सचे यंत्र दुकानात इंग्रजीतच सुरू होत असे. मराठी त्याच्या पोटात असे; ती बाहेर काढण्याचे काम मात्र गिऱ्हाइकावर सोडलेले असे.

मराठी पोटात होती, असे आम्ही म्हणतो ते उगाच नव्हे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचा पाया घातला. सर्व भारतीय लिप्यांसाठी एकाच तत्त्वावर रचलेला इनस्क्रिप्ट कळफलक १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झाला. मुंबईत सुरू झालेल्या इंडलिनक्स या गटाने भारतीय भाषांत लिनक्स आणण्याचा उद्योग आरंभला. मुंबईच्या सी-डॅकमधल्या जनभारती प्रकल्पाने त्याला हातभार लावला. पुण्यातल्या रेड हॅटच्या कार्यालयातून मराठी भाषांतराचे आणि फाँटचे बरेच काम झाले; 'लोहित' हा भारतीय लिप्यांचा फाँटसंच या कंपनीने २००४ साली मुक्त परवान्याखाली खुला केला. फ्युएल या प्रकल्पाने संगणकाच्या पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांच्या प्रमाण याद्या भारतीय भाषांसाठी तयार करायला घेतल्या, त्यांत मराठीही होती. मुंबईच्या आयआयटीतल्या फॉसी आणि स्पोकन ट्यूटोरिअल या प्रकल्पांनी मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठी आवाजातही उपलब्ध केले. फॉसीने तर सुमारे दहा हजार रुपयांचा, लिनक्स बसवलेला छोटा लॅपटॉपही विद्यार्थ्यांसाठी पुढे आणला. एवढे सारे काम मुंबई-पुण्यात झाले. त्याची गाठ दुकानातल्या खोक्याशी कोणी मारली नाही.

ती गाठ मारल्याचे एक छोटे उदाहरण मात्र महाराष्ट्रातच आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरात या छोट्या वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाची ती यंत्रे लिनक्सवर चालत, आणि त्यांचा पडदा मुलांसाठीच घडवलेला होता. या प्रकल्पाच्या आर्थिक गणितावर पुढे पुष्कळ टीका झाली, तिच्यात तथ्यही होते. आमच्या दृष्टीने त्यातला बोध एवढाच की, यंत्र हाती पडण्यापूर्वीच ते कोणासाठी आहे हे ठरवलेले असले, तर लिनक्स अवघड असतो ही तक्रार ऐकू येत नाही. चौथीपर्यंतच्या मुलांना 'हे विंडोज नव्हे' असे कोणी सांगितलेलेच नसते.

यंत्राच्या सोयीसाठी लिपी वाकवण्याचा अनुभव मराठीला नवा नाही. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'च्या छपाईसाठी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला. सावरकरांच्या लिपिशुद्धी आंदोलनाने अ ची बाराखडी सुचवली, आणि 'इ'ऐवजी 'अि' असे लेखन काही नियतकालिकांनी स्वीकारलेही. त्या काळी शिशाचे खिळे आणि टंकयंत्राच्या मोजक्या कळा यांपुढे इलाज नव्हता, असे म्हणता येईल. संगणक आल्यावर ही अडचण तत्त्वतः संपली. व्यवहारात ती वेगळ्या रूपाने परतली. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फाँटांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. फाँट असेल तर मराठी, नसेल तर अर्थहीन चिन्हांची रांग. या काळात टंकलिखित झालेले किती तरी शोधनिबंध, प्रबंध आणि नियतकालिकांचे अंक आज छापील रूपात वाचता येतात, परंतु त्यांच्या मूळ फायली उघडून त्यांत एक शब्द शोधायचा म्हटले तर सापडत नाही. कारण यंत्राच्या लेखी तो मजकूर मराठी नसतोच. सुदैवाने दोन दगडी ठोकळ्यांइतके हे चिरस्थायी नाही. रूपांतर करणारी साधने आहेत. पण तो एकेक फाँट ज्या विशिष्ट प्रणालीशी बांधलेला होता, तिच्या आयुष्याशी आपल्या संशोधनाचे आयुष्य जखडले गेले, हे विसरता येत नाही.

आजही काही बारीक प्रश्न शिल्लक आहेत, आणि ते तंत्रज्ञांपेक्षा मराठीच्या अध्यापकाला अधिक कळतात. 'दऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' यांतला र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारे टंकलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला तर यंत्र 'नाही' म्हणून सांगते. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्यापूर्वीच्या मजकुरात ते 'अ' आणि चंद्र जोडून केलेले असते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे प्रमाण ठरवली. पण यंत्रात हिंदी वळणाचा फाँट आयता आला असेल तर पडद्यावर हिंदीच 'ल' उमटतो आणि विद्यार्थी तोच पाहत मोठा होतो. वर्णमालेच्या शेवटी शिकवल्या जाणाऱ्या 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना अकारविल्हे लावताना कोठे ठेवायचे, हा कोशकारांचा प्रश्न आता यंत्रालाही पडतो. बंदिस्त प्रणालीत अशा प्रत्येक बाबीसाठी कंपनीला विनंती करावी लागते आणि तिच्या मर्जीची वाट पाहावी लागते. मुक्त प्रणालीत आपल्यातलाच कोणी जाणकार ती दुरुस्ती करून सर्वांना देऊ शकतो. लिनक्सचा खरा फायदा आम्हांला येथे दिसतो. वाचलेले चार पैसे ही त्यामानाने दुय्यम बाब.

हे होऊ शकते याचे प्रमाण केरळात आहे. तेथे १९७१ साली टंकयंत्राच्या सोयीसाठी शासनाने मल्याळम लिपीत कपात केली. १९९९ साली 'रचना' या चळवळीने गमावलेली जोडाक्षरे संगणकावर परत आणण्याचा ध्यास घेतला. तिच्यात भाषेची माणसे अग्रभागी होती. २००२ पासून 'स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग' या गटाने फाँट, कळफलक आणि भाषांतरे यांचे काम मुक्त प्रणालीत चालवले. त्याच दशकात केरळच्या शाळांनी संगणकशिक्षणासाठी लिनक्सची वाट धरली. २०१९ साली तेथील काइट या शासकीय संस्थेने दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर मुक्त प्रणाली वापरल्याने सुमारे तीन हजार कोटी रुपये वाचल्याचा दावा केला. आम्हांला त्या कोटींपेक्षा क्रम महत्त्वाचा वाटतो. लिपीविषयीचा आग्रह, भाषेसाठी काम करणारा गट आणि शासनाची एकगठ्ठा खरेदी या तीन गोष्टी तेथे एकाच काळात जुळून आल्या. मराठीत पहिल्या दोहोंची बीजे आहेत. तिसरी गोष्ट कधी त्यांना येऊन मिळाली नाही.

आमच्या म्हणण्यावर आक्षेप येतील, आणि ते दुर्लक्षण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा की, आजच्या विंडोजमध्ये मराठी उत्तम चालते. हे खरे आहे; युनिकोड, इनस्क्रिप्ट, उच्चारानुसारी कळफलक, सारे तेथे आता सहज मिळते. तेव्हा मराठीसाठी विंडोज निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही. आमचा मुद्दा एवढाच की, तेथे मराठी किती काळ आणि कशी राहील हे मराठी समाजाच्या हाती नाही. ऑक्टोबर २०२५ ने हेच दाखवून दिले. चालते यंत्र, चांगला पडदा, शाबूत कळफलक, आणि तरी कालबाह्य.

दुसरा आक्षेप छपाईचा. मराठी प्रकाशनव्यवहारातली अक्षरजुळणी अजून मोठ्या प्रमाणावर विंडोजवरच्या सॉफ्टवेअरने होते. मुद्रक लिनक्सची फाइल घेत नाहीत. ही अडचण खरी आहे आणि ती एका दिवसात सुटणारी नाही. परंतु विद्यार्थ्याचा निबंध, प्राध्यापकाचे टिपण, शोधप्रबंधाचा कच्चा खर्डा यांना मुद्रकाच्या सॉफ्टवेअरची गरज नसते. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर पुढे कोणत्याही प्रणालीत नेता येतो. लिहिण्याचे यंत्र आणि छापण्याचे यंत्र एकच असले पाहिजे, हा समज मोडला तरी निम्मी अडचण दूर होईल.

तिसरा आक्षेप सर्वांत बलवान: आता संगणक हवाच कोणाला, सारे काही मोबाइलवर होते. याबाबत आमच्याच जिल्ह्यातला अनुभव बोलका आहे. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी समूहाच्या परिसरात सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडण्याची योजना आली. ऊस उत्पादकांना गावातल्या केंद्रावरच माहिती मिळावी, असा हेतू होता. पुढल्या दशकात संशोधकांनी पाहणी केली तेव्हा त्या संगणकांचे प्रत्यक्ष काम मोजकेच राहिले होते. ते काम मोबाइलच्या लघुसंदेशांवर हलवण्याचा प्रयोग झाला आणि तो शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरला. यंत्र केवढे मोठे आहे याचे शेतकऱ्याला कौतुक नव्हते. आपले काम आपल्या भाषेत कोठे होते एवढे त्याने पाहिले. आता यातला गमतीचा भाग असा की, आज ज्या अँड्रॉइड मोबाइलवर मराठी माणूस बोलतो, वाचतो, टंकतो, त्याच्या गाभ्याशी लिनक्सच आहे. उत्पादकाने आधीच बसवून दिलेला आणि मराठीसह आलेला. त्याला कोणी अवघड म्हणत नाही आणि तो काढून दुसरे काही टाका म्हणून दुकानात जात नाही. लिनक्स लोकांना नको असतो, हा सिद्धांत तेथेच कोसळतो. तरीही मोबाइल हा वाचण्याचा आणि बोलण्याचा सोबती; तीनशे पानांचा प्रबंध, संहितेची पाठचिकित्सा, शब्दकोशाचे संपादन ही कामे त्यावर होत नाहीत. या कामांसाठी बसायचे ते संगणकापुढेच.

तेव्हा करायचे काय? व्यापक धोरणाची मागणी करणे सोपे आहे, धोरणे आहेतही. केंद्र शासनाने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले, आणि २०२३ साली संरक्षण मंत्रालयाने उबंटूवर आधारलेली 'माया' ही प्रणाली स्वीकारल्याच्या बातम्या आल्या. पण कोणत्याही धोरणात मराठीच्या र्‍हस्व-दीर्घाची काळजी असणार नाही. ती आपल्यालाच वाहावी लागेल. त्यासाठी जागा अगदी साधी आहे: महाविद्यालयाच्या खरेदी समितीपुढे येणारे दरपत्रक. मार्चअखेर जवळ आली किंवा नॅकची भेट ठरली की दरपत्रके मागवली जातात. त्यांत प्रोसेसर, स्मृती, पडद्याचा आकार यांच्या अटी असतात. भाषेची अट नसते. संगणक विभागाकडून ती येण्याची अपेक्षा करणेही योग्य नाही. ती मराठी विभागाने घालायची असते.

आमच्या मते त्या अटीत पाच गोष्टी याव्यात. यंत्र लिनक्ससह आणि पहिल्यांदा सुरू करताच मराठी निवडता येईल अशा स्थितीत यावे. कळफलकावर इनस्क्रिप्टची देवनागरी अक्षरे छापलेली असावीत. मराठी वळणाचा 'ल', 'श' आणि ऱ्य दाखवणारा युनिकोड फाँट मूळ फाँट म्हणून बसवलेला असावा. लिब्रेऑफिससारख्या मुक्त लेखनसाधनात मराठी शुद्धलेखन-तपासणी आणि जुन्या फाँटांतून युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचे साधन चालू करून मिळावे. आणि शेवटची, कदाचित सर्वांत महत्त्वाची अट: प्रिंटर-स्कॅनरसह हे सारे चालवून दाखवण्याची आणि हमीच्या मुदतीत दुरुस्त करण्याची जबाबदारी पुरवठादाराची असावी. या शेवटच्या अटीमुळेच दुकानातला तरुण लिनक्स शिकेल. कोणत्याही परिसंवादाने तो शिकणार नाही. बाद ठरू पाहणाऱ्या जुन्या यंत्रांनाही हेच निकष लावून ती काही वर्षे ग्रंथालयात किंवा विभागात सुखाने चालवता येतील.

मार्केट यार्डात गुळाचा रवा फोडून, रंग पाहून, चव घेऊन मगच सौद्यात बोली लावणारे हे शहर आहे. तेथे 'आत काय आहे ते नंतर पाहा' असे कोणी म्हटले तर सौदा मोडेल. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांपैकी थोड्यांनी जरी येत्या खरेदीत वरच्या अटी एकत्र घातल्या, तर उत्पादकाला आणि वितरकाला त्या ऐकाव्या लागतील, कारण व्यापारी गठ्ठ्याची भाषा लगेच समजतो. आमच्या विभागीय सहकाऱ्यांना म्हणूनच एक विनंती. पुढचे दरपत्रक सहीसाठी फिरत येईल तेव्हा त्यावर एक ओळ हाताने लिहावी: 'यंत्र मराठीत लिहिण्यासाठी सज्ज असावे; तसे चालवून दाखवल्याशिवाय स्वीकारले जाणार नाही.'